रायडरचा आयडी कशामुळे बंद होतो: एका डिलिव्हरी ॲपचे कामगाराच्या बाजूने परीक्षण

घरपोच जेवण आणि किराणा देणाऱ्या ॲपबद्दल ग्राहक भरपूर लिहितात. जेवण गरम आले का, पिशवी फाटलेली होती का, रायडर नीट बोलला का, हे सगळे त्यांच्या लिखाणात येते. हे परीक्षण त्याच सेवेच्या दुसऱ्या बाजूचे आहे. रायडरच्या मोबाइलमध्ये कंपनीचे वेगळे ॲप असते. त्या ॲपचे आणि त्याबरोबर मिळणारे प्रशिक्षण, मदत व शिस्त यांचे मूल्यमापन येथे केले आहे. मी पिंपरी-चिंचवडमध्ये, मुख्यतः वाकड, पिंपळे सौदागर आणि हिंजवडी या पट्ट्यात काम करतो. कंपनीचे नाव दिलेले नाही, कारण पुढे ज्या त्रुटी येतील त्या कोणा एका कंपनीला झोडपण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आपली रोजी सांभाळता यावी, एवढाच हेतू आहे.

काम मिळवून देणारी सेवा म्हणून या ॲपला मी पाचपैकी चार तारे देईन. नोंदणीला आधार, पॅन, वाहन परवाना आणि बँक खाते एवढेच लागते, आठवड्याचा पेआउट ठरलेल्या दिवशी खात्यात जमा होतो, नकाशा गल्लीबोळांतही फारसा चुकत नाही आणि कामावर असताना अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण आहे. मात्र कोणत्या वागणुकीमुळे हे काम जाते, ते वेळेवर आणि समजेल अशा भाषेत सांगणारी सेवा म्हणून त्याला दोनच तारे देता येतील. बाकीचे तीन तारे कशामुळे कापले गेले, त्याचाच ऊहापोह पुढे आहे.

नोंदणीनंतर काही छोटे व्हिडिओ पाहावे लागतात. बॅग कशी लावावी, टी-शर्ट स्वच्छ ठेवावा, ग्राहकाला नमस्कार करावा, हेल्मेट घालावे, हे त्यांत चांगले दाखवले आहे. शेवटी एक वाक्य येते की गैरवर्तन आढळल्यास आयडी, म्हणजे रायडरचे ॲपवरील खाते, कायमचा बंद केला जाईल. गैरवर्तन म्हणजे नेमके काय, याची यादी मात्र करारनाम्यात आहे. तो इंग्रजीत आहे, लांबलचक आहे आणि ‘मान्य आहे’ असे बटण दाबल्यावर पुन्हा सहज सापडत नाही. त्यामुळे नवा मुलगा नियम शिकतो तो डार्क स्टोअरबाहेर (फक्त ऑनलाइन ऑर्डरचा किराणा जेथून निघतो ते गोदाम) किंवा हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट पाहत उभ्या असलेल्या जुन्या रायडरांकडून. त्यांच्याकडून जसे चांगले सल्ले मिळतात तशाच पळवाटाही मिळतात, आणि पळवाट सांगणारा माणूस तिचे परिणाम सांगत बसत नाही.

हे परिणाम किती मोठ्या प्रमाणावर भोगावे लागतात, याची कल्पना एका जाहीर आकड्यावरून येते. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, त्यांची कंपनी दर महिन्याला सुमारे ५,००० रायडरांचे काम थांबवते आणि त्यामागे बहुतेक वेळा फसवणुकीचे कारण असते. बाहेरच्या माणसाला फसवणूक म्हटले की चोरी आठवते. कामावर असलेल्या माणसाला ठाऊक असते की या एकाच शब्दाखाली सराईत लबाडी आणि घाईघाईत दाबलेले चुकीचे बटण या दोन्हींची नोंद होऊ शकते.

माझ्या पाहण्यात सर्वाधिक आयडी ज्या कारणाने बंद झाले ते म्हणजे पार्सल ग्राहकाच्या हातात पडण्याआधीच ‘डिलिव्हर्ड’ असे मार्क करणे. हे का घडते, ते एका उदाहरणावरून समजेल. वाकडमधील एका उंच इमारतीच्या संकुलात माझ्या ओळखीचा एक रायडर भर पावसात ऑर्डर घेऊन गेला. रायडरांसाठीची सर्व्हिस लिफ्ट बंद होती आणि दुसऱ्या लिफ्टने जाऊ देण्यास सुरक्षारक्षक तयार नव्हता. ग्राहकाचा फोन लागत नव्हता. ॲपवरची वेळ संपून आकडे लाल झाले होते आणि पुढच्या ऑर्डरचा आवाज वाजू लागला होता. रक्षक म्हणाला, “दादा, ठेव इथं रॅकवर, मॅडम खाली आल्या की घेऊन जातील.” लोखंडी रॅकवर कुरियरच्या खोक्यांच्या मध्ये पिशवी ठेवून त्याने बटण दाबले आणि तो निघाला. ती पिशवी ग्राहकापर्यंत पोहोचलीच नाही. रात्री त्याच्या स्क्रीनवर खाते स्थगित झाल्याचा संदेश आला, आणि कारणाच्या जागी ‘ऑर्डर न देता दिल्याचे दाखवणे’ एवढेच लिहिलेले होते.

या माणसाने चोरी केली नव्हती, पण नोंदीवरून पाहणाऱ्याला त्याच्यात आणि चोरात फरक करता येत नाही. अशा वेळी बचाव होतो तो फक्त नोंदीमुळे. ग्राहकाला फोन स्वतःच्या डायलरवरून न लावता ॲपमधूनच लावावा, कारण त्या प्रयत्नाची वेळ कंपनीकडे राहते. आपल्या मोबाइलमधील कॉल लिस्ट पुरावा म्हणून फारशी उपयोगी पडत नाही. फोन लागला नाही तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा पर्याय निवडून मदत चॅटमध्ये एक ओळ लिहावी आणि पार्सल गेटवर ठेवण्यास परवानगी आहे का, असे विचारावे. परवानगी मिळाली तर पिशवीवरचे बिल, रॅक आणि गेटवरचे रजिस्टर एकाच फोटोत येईल असा फोटो काढावा, रजिस्टरमध्ये फ्लॅटचा क्रमांक लिहून रक्षकाची सही घ्यावी, आणि हे सगळे झाल्यावरच बटण दाबावे. यात पाच-सात मिनिटे जातात, पुढच्या ऑर्डरला उशीर होतो, कधी त्या दिवसाचा इन्सेंटिव्हही (वरकड बक्षीस रक्कम) हुकतो. तरीही माझा आग्रह आहे की हा तोटा सोसावा, कारण उशिरामुळे रेटिंग घसरले तर ते पुन्हा वर येते, पण बंद झालेला आयडी परत मिळेलच असे नाही.

ॲपचा दोष येथेच सर्वांत ठळक दिसतो. ‘पोहोचलो’ आणि ‘डिलिव्हर्ड’ ही बटणे एकाच जागी, एकापाठोपाठ येतात. ज्या ऑर्डरला ओटीपी नसतो तेथे दुसरे बटण दाबताना एकही प्रश्न विचारला जात नाही. पार्सल कोणाच्या हातात दिले, ग्राहकाच्या, घरातल्या माणसाच्या की रक्षकाच्या, एवढा एक प्रश्न आणि एका फोटोची सक्ती केली असती तरी निम्मे वाद उभेच राहिले नसते, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे मोठे कारण रोख पैसे. सीओडीची, म्हणजे माल हातात आल्यावर ग्राहकाने दिलेली रोख रक्कम रायडरच्या खिशात येते तेव्हा ती त्याची नसते, हे कळायला शिक्षण लागत नाही. पण दुपारी पेट्रोल संपते, पेआउटला तीन दिवस असतात आणि खिशात कंपनीचे बाराशे रुपये असतात. ‘आठवड्याच्या पैशातून भरून टाकू’ असे म्हणत त्यातले दोनशे वापरले जातात, दुसऱ्या दिवशी आणखी तीनशे, आणि कॅश लिमिट (रायडरने जवळ ठेवायच्या रोख रकमेची मर्यादा) ओलांडल्यावर ॲप ऑर्डर देणेच थांबवते. काम थांबल्यामुळे कमाई थांबते, कमाई थांबल्यामुळे भरणा होत नाही, आणि काही दिवसांनी थकबाकीदार म्हणून आयडी बंद होतो. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली रक्कम परस्पर वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हाही ठरू शकतो, ही गोष्ट प्रशिक्षणाच्या एकाही व्हिडिओत नाही. रोख रक्कम रोजच्या रोज, शक्यतो काम संपवून घरी जाण्याआधी भरावी आणि पेट्रोलचे पैसे वेगळ्या खिशात ठेवावेत. ज्यांच्याकडे पेट्रोलपुरतीही शिल्लक नसते त्यांनी सुरुवातीचे काही दिवस सीओडीचा पर्याय बंद ठेवण्याची विनंती टीम लीडरला करावी. आमच्या झोनमध्ये ती मान्य होते, पण ती करता येते हे बहुतेकांना माहीतच नसते.

सुट्ट्या पैशांवरूनही नाहक तक्रारी होतात. ४३० रुपयांच्या ऑर्डरला ग्राहकाने ५०० ची नोट दिली आणि रायडरने ‘सुटे नाहीत, आणून देतो’ असे सांगून पाठ फिरवली, की ग्राहकाच्या दृष्टीने ते ७० रुपये गेले. मग रायडर खरोखरच परत येणार होता की नव्हता, याला अर्थ उरत नाही. दहा-वीसच्या नोटा आणि काही नाणी रोज बरोबर ठेवावीत. नसतील तर ॲपमधील क्यूआर दाखवून ऑनलाइन पैसे घ्यावेत. स्वतःच्या खात्याचा क्यूआर मात्र दाखवू नये. त्यामागे वाईट हेतू नसला, तरी कंपनीचे पैसे खासगी खात्यात गेल्याची नोंद बँकेत कायमची राहते आणि या कंपनीत तेवढे कारण आयडी बंद करायला पुरते.

आयडी दुसऱ्याला वापरायला देणे, खोटे लोकेशन दाखवणारे ॲप टाकणे, हॉटेलवाल्याशी संगनमत करून खोट्या ऑर्डरवर इन्सेंटिव्ह उचलणे, ही तीन कारणे एकाच जातीची आहेत आणि त्यांच्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. त्यांतल्या पहिल्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ते अनेक घरांत सहज घडते. मोठा भाऊ आजारी आहे म्हणून धाकटा त्याच्या आयडीवर गाडी काढतो, आणि घरात कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. पण सेल्फी पडताळणी कधीही मागितली जाते, आणि त्याहून गंभीर बाब अशी की धाकट्याचा अपघात झाला तर विमा ज्याच्या नावावर आहे तो माणूस त्या गाडीवर नसतो. म्हणजे आयडीही जातो आणि दवाखान्याचा खर्चही अंगावर पडतो. धाकट्याने स्वतःची नोंदणी करून घ्यावी, त्याला फार वेळ लागत नाही.

पार्सल उघडण्याचा मुद्दा जुना आहे, पण त्याचा परिणाम आजही प्रत्येक पिशवीवर दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये मदुराईत एका रायडरचा पार्सलमधील अन्न खाऊन डबे पुन्हा बंद करतानाचा व्हिडिओ सर्वत्र पसरला. झोमॅटोने त्याला काढले आणि छेडछाड लगेच लक्षात येईल असे सीलबंद पॅकिंग आणण्याचे जाहीर केले. त्या एका व्हिडिओमुळे देशभरातील रायडरांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्याच वेळी, दिवसभर दुसऱ्याचे जेवण पाठीवर वाहणारा माणूस उपाशी का होता, हा प्रश्नही काही लोकांनी विचारला होता आणि तो मला आजही रास्त वाटतो. पण नियमाच्या बाजूने पाहिले तर येथे तडजोडीला जागा नाही. हॉटेलमधून पार्सल घेताना सील तुटलेले दिसले तर काउंटर सोडण्याआधीच नवे सील मागावे, कारण एकदा बाहेर पडल्यावर ते कोणी तोडले याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. रद्द झालेल्या ऑर्डरबाबत तर मुले हमखास फसतात. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली म्हणजे जेवण आपले झाले, असा समज आहे. वास्तविक या ॲपमध्ये प्रत्येक वेळी वेगळी सूचना येते, कधी पार्सल परत हॉटेलमध्ये नेण्याची, कधी ठरलेल्या ठिकाणी जमा करण्याची. ‘तुम्ही ठेवू शकता’ असा लेखी संदेश आला तरच ते खावे आणि तो संदेश जपून ठेवावा.

ग्राहकांशी वागण्याबद्दलचे नियम व्हिडिओत आहेत, पण ते हसतमुख राहण्यापलीकडे जात नाहीत. एकट्या राहणाऱ्या महिलेच्या दारात उभे असताना दारापासून दोन पावले मागे थांबावे, आत डोकावू नये, पाणी हवे असेल तर ते गेटवर मागावे, ‘एकट्याच राहता का’ यासारखा प्रश्न साध्या कुतूहलानेही विचारू नये. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ऑर्डर संपल्यावर ग्राहकाशी संपर्क करू नये. ॲपमधून फोन लावला तर ग्राहकाचा खरा क्रमांक दिसत नाही, पण पत्ता विचारताना अनेक ग्राहक स्वतःहून क्रमांक देतात किंवा व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतात. तो क्रमांक त्याच दिवशी पुसून टाकावा. कमी रेटिंग दिले म्हणून जाब विचारणारा एक संदेश पाठवला तरी आयडी जातो, आणि महिलेने नको म्हटल्यावरही संदेश पाठवत राहणे हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा होतो. अशा प्रकरणांत कंपनीने तडकाफडकी कारवाई केली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. महिला रायडरांना ग्राहकांकडून जो त्रास होतो त्याबाबतही तीच तत्परता दाखवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तेथे मात्र तक्रारीची दखल फार सावकाश घेतली जाते.

भांडणाच्या बाबतीत २०२१ च्या मार्चमधील बंगळूरूची घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्राहक महिलेने रायडरवर मारहाणीचा आरोप केला, रायडरने तो नाकारून उलट आरोप केला, आणि प्रकरण पोलिसांत गेले. झोमॅटोने चौकशी होईपर्यंत रायडरचे काम थांबवले. परंतु त्या काळातील त्याची कमाई आणि कायदेशीर खर्च, तसेच महिलेच्या उपचारांचा खर्च उचलत असल्याचेही जाहीर केले. आधी चौकशी, मग निकाल, आणि मधल्या काळात चूल बंद पडू द्यायची नाही, ही पद्धत मला आदर्श वाटते. ती एका गाजलेल्या प्रकरणात वापरली गेली. रोजच्या साध्या तक्रारींत ती वापरली गेल्याचे आमच्या झोनमध्ये कोणी पाहिलेले नाही. म्हणून वाद वाढतो आहे असे दिसताच आवाज न चढवता पार्सल सुरक्षित ठेवून दारातून बाजूला व्हावे आणि ‘ग्राहक रागावले आहेत, मी खाली गेटवर थांबलो आहे’ असे चॅटमध्ये लिहावे. ग्राहकाचा व्हिडिओ काढून समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह टाळावा. तो पुरावा म्हणून कंपनीला किंवा पोलिसांना द्यावा. जगासमोर टाकला तर आपली बाजू खरी असूनही खासगीपणाच्या मुद्द्यावर आयडी जाऊ शकतो.

दारू आणि वाहतुकीचे नियम यांबद्दल वाद नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते, आणि परवाना निलंबित झाला की ॲपमधील कागदपत्रे आपोआप अपात्र ठरतात. उलट्या दिशेने गाडी घालण्याचे समर्थन वेळेच्या दबावाने केले जाते. दबाव खरा आहे. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर किराणा पोहोचवणाऱ्या ब्लिंकिटने दहा मिनिटांत सामान देण्याची जाहिरात मागे घेतली, ती काही उगाच नाही. तरीही चलान कंपनी भरत नाही, ते रायडरच्याच नावावर येते.

शिस्तीचा विषय निघाला की मला मुंबईच्या डबेवाल्यांची आठवण होते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेतही नियम कडक आहेत: डोक्यावर टोपी हवी, कामावर दारू चालत नाही, न सांगता दांडी मारता येत नाही, आणि नियम मोडला तर दंड होतो. फरक इतकाच की तेथे दंड करणारा मुकादम याच कामातून वर आलेला असतो, चूक करणारा त्याच्यासमोर उभा राहून आपली बाजू मांडू शकतो आणि नियम प्रत्येकाला तोंडपाठ असतात, कारण ते त्याच्या बोलीत सांगितलेले असतात. ॲपकडे हजारो रायडर असतात, त्यामुळे प्रत्येकासाठी मुकादम नेमता येणार नाही हे मान्य. पण नियमांची एक पानी मराठी यादी आणि झोनमध्ये प्रत्यक्ष भेटणारा, तक्रार ऐकण्याचा अधिकार असलेला एक माणूस, एवढे अशक्य नाही.

अपिलाची सोय या सेवेत आहे, परंतु ती सर्वांत दुबळी बाजू आहे. आयडी बंद होताच मदत चॅटही बंद होते आणि एका ई-मेल पत्त्यावर लिहावे लागते. उत्तर अनेकदा आधीच तयार केलेल्या मजकुराचे असते. कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून सुटी कामे घेणाऱ्यांसाठी, जो कायदा केला, त्यात काम थांबवण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातील रायडरला ती लागू होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना कायद्यात स्थान दिले, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असेही ठरवले; पण आयडी कसा बंद करावा, याबाबत ती काही सांगत नाही. म्हणून तूर्त रायडरने स्वतःच तयारी ठेवावी: रोजच्या ऑर्डर हिस्टरीचे आणि रोख भरण्याच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट वेगळ्या फोल्डरमध्ये, मदत चॅटमधील परवानग्यांचे फोटो त्यांच्याजवळच. आयडी बंद झाल्याचा संदेश आल्यास त्याच दिवशी, रागाचा एकही शब्द न लिहिता, ऑर्डर क्रमांक, वेळ आणि पुरावा या क्रमाने ई-मेल पाठवावा, शिल्लक रोख रक्कम तत्काळ भरून पावती जोडावी आणि अडलेल्या पेआउटची मागणी वेगळ्या ई-मेलने करावी, म्हणजे एका प्रश्नामुळे दुसरा रेंगाळत नाही.

वाकडच्या त्या रायडरने गेटवरच्या रजिस्टरचा फोटो नंतर मिळवला, संकुलाच्या कार्यालयाने सीसीटीव्ही पाहून पिशवी चुकून दुसऱ्या फ्लॅटमध्ये गेल्याचे लिहून दिले, आणि त्याचा आयडी सुरू झाला. बंद काळातील कमाई आणि त्या आठवड्याचा इन्सेंटिव्ह त्याला मिळाला नाही. चौकशीत रायडर निर्दोष ठरला तर त्या दिवसांचा मोबदला त्याच्या सरासरी कमाईच्या हिशेबाने द्यावा, ही मागणी मी ॲपच्या अभिप्राय विभागात नोंदवली आहे. ती मान्य झाली तर दोन ताऱ्यांचे तीन तारे करायला मला आनंद वाटेल.